सौनाची उष्णता आणि निअर इन्फ्रारेड प्रकाश एकत्र घेतल्याने खरोखर काय साधते?

इंदिरानगरकर

नमस्कार. आमच्या घरी सध्या एका विषयावर बरीच चर्चा चालू आहे, आणि ती आपसात बोलून पुढे सरकत नसल्यामुळे येथे जाणकारांना विचारत आहे.

माझे वडील अडुसष्ट वर्षांचे असून नाशिकरोडच्या मुद्रणालयातून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी अंथरुणातून उठून पहिली काही पावले टाकणे त्यांना फार जड जाते. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन आणि सोबत लघवी वाढवणारी एक गोळी चालू आहे. मधुमेहही आहे, पण साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे. हृदयविकाराचा झटका किंवा तशी कोणतीही तक्रार आजवर झालेली नाही.

गंगापूर रोडवरील एका केंद्रात अलीकडे लाकडी कॅबिनमध्ये सौना, म्हणजे तापवलेल्या बंद जागेत बसून घाम काढणे, आणि त्याच वेळी निअर इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या लगत पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देण्याची सोय झाली आहे. त्यांच्या माहितीपत्रकात असे म्हटले आहे की, या एकत्रित उपचाराने हृदय बळकट होते, सांधेदुखी कमी होते, घामावाटे शरीरातील विषद्रव्ये निघून जातात, वजन उतरते आणि त्वचा तजेलदार होते. घरी बसवण्याची कॅबिनही ते विकतात आणि तिची किंमत लाखांत आहे. धाकट्या भावाचा आग्रह आहे की वडिलांसाठी ती घ्यावीच, कारण फिनलंडमध्ये सौना घेणाऱ्यांचे आयुष्य वाढते असे त्याने वाचले आहे. पैशांचा प्रश्न दुय्यम आहे. वडिलांना आराम मिळणार असेल तर खर्च करण्याची आमची तयारी आहे. परंतु ज्या गोष्टीचा पुरावा एका उपचाराचा आहे, ती दुसऱ्याच उपचाराच्या नावावर विकली जात नाही ना, अशी शंका मनात येते. उष्णता आणि हा प्रकाश यांचे परिणाम वेगवेगळे आहेत का, एकत्र घेतल्याने ते वाढतात का, आणि वडिलांच्या औषधांचा विचार करता हे त्यांच्यासाठी सुरक्षित आहे का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

टाम्पेरेहून परत

मी नोकरीनिमित्त काही वर्षे फिनलंडमधील टाम्पेरे शहरात राहिलो आणि आता कॉलेज रोडला स्थायिक झालो आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण आपल्या भावांनी ज्या अभ्यासाबद्दल वाचले असावे त्याविषयी तेथे सतत चर्चा होत असे आणि तो मी मुळातून वाचला आहे, म्हणून लिहितो.

तो अभ्यास पूर्व फिनलंडमधील कुओपिओ भागातील आहे. १९८४ ते १९८९ या काळात ४२ ते ६० वर्षांच्या २,३१५ पुरुषांची नोंद करण्यात आली आणि त्यानंतर सुमारे वीस वर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला गेला. यारी लाउक्कानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदाच सौना घेणाऱ्यांच्या तुलनेत चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण ६३ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळले. हे आकडे खरे आहेत आणि आनंद वाटावा असेच आहेत, पण ते उचलून दुसरीकडे लावण्याआधी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पहिली गोष्ट अशी की, हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. कोणाला सौना द्यायचा आणि कोणाला नाही हे चिठ्ठी टाकून ठरवले नव्हते. ज्याची प्रकृती मुळातच धडधाकट आहे तोच रोज सौनात बसू शकतो, हा भाग धूम्रपान, रक्तदाब, मद्यपान इत्यादींचा हिशेब करूनही पूर्णपणे वगळता येत नाही. शिवाय २,३१५ जणांपैकी चार ते सात वेळा सौना घेणारे केवळ २०१ होते. दुसरी गोष्ट म्हणजे, ते सर्वजण पारंपरिक फिनिश सौनात बसत होते. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढायची, आणि हवेचे तापमान सरासरी ७९ अंश सेल्सिअसच्या आसपास. इन्फ्रारेड दिव्यांसमोर बसून घाम काढणारा त्यांत कोणी नव्हता. तेव्हा त्या ६३ टक्क्यांवर प्रकाशाचा काहीही हक्क नाही. तिसरी गोष्ट, त्या अभ्यासात स्त्रिया नव्हत्या, हेही आपल्या घरातील इतरांसाठी ध्यानात ठेवावे.

आणखी एक बाब पत्रकात सहसा येत नाही. सौना म्हणजे केवळ तापणे नव्हे. तापणे, बाहेर येऊन निवणे, पाणी पिणे आणि पुन्हा आत जाणे असा तो पूर्ण क्रम असतो. फिनलंडमध्ये बाहेर पडले की हिवाळ्यात शून्याखालची हवा किंवा शेजारचे तळे असते. युनेस्कोने २०२० मध्ये फिनलंडच्या सौना संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेही या संपूर्ण रीतीला. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे सरकतो आणि कॅबिनमधून बाहेर आलेल्या माणसाचे शरीर निवण्याऐवजी तापलेलेच राहते. आपल्याकडे हा प्रकार करायचाच असेल तर तो निफाडला दव गोठते त्या दिवसांत करावा. उन्हाळ्यात अडुसष्ट वर्षांच्या माणसाला त्यात बसवण्याचे मला कोणतेही कारण दिसत नाही.

फिजिओथेरपिस्ट, सिडको

वरील प्रतिसादात पुराव्याची मांडणी नेमकी झाली आहे. मी प्रकाशाच्या बाजूने आणि आपल्या वडिलांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने लिहिते, कारण लाल आणि निअर इन्फ्रारेड प्रकाशाचा उपचार आमच्या व्यवसायात बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्याबद्दल जितका अवाजवी उत्साह दिसतो तितकाच अवाजवी अविश्वासही दिसतो.

या उपचाराची सुरुवात १९६७ मध्ये बुडापेस्ट येथे झाली. एंद्रे मेस्टर या डॉक्टरांनी केस काढलेल्या उंदरांच्या त्वचेवर रूबी लेझरचा मंद प्रकाश टाकला तेव्हा तेथे केस लवकर उगवल्याचे त्यांना दिसले. पुढे तीना कारू यांनी रशियात केलेल्या कामातून असे मत पुढे आले की, पेशींतील मायटोकाँड्रियामध्ये असणारे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर हा प्रकाश शोषून घेते आणि त्यामुळे पेशीच्या ऊर्जानिर्मितीवर परिणाम होतो. यंत्रणेचा तपशील अजून वादाचा आहे, पण काही ठिकाणी उपयोग निश्चित झालेला आहे. कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपी किंवा रेडिएशनमुळे तोंडात जे वेदनादायक व्रण येतात, ते टाळण्यासाठी या प्रकाशोपचाराची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये केलेली आहे. गुडघ्याच्या झिजेबद्दल बोलायचे तर २०१९ मध्ये २२ चाचण्या आणि १,०६३ रुग्ण यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. योग्य मात्रेत दिलेल्या लेझरने वेदना आणि हालचालीतील अडचण कमी होते असा त्याचा निष्कर्ष होता. येथे 'योग्य मात्रेत' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. ७८५ ते ८६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश असेल तर सांध्याभोवतीच्या प्रत्येक बिंदूवर ४ ते ८ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचे माप), अशी ती मात्रा आहे. त्याहून कमी दिल्यास उपयोग होत नाही आणि फार जास्त दिल्यास परिणाम वाढण्याऐवजी घटतो, हे या उपचाराचे ठळक वैशिष्ट्य आहे. म्हणून 'जितका वेळ बसाल तितका लाभ' असे कोणी सांगत असेल तर त्याला या विषयाची मूलभूत माहिती नाही, असे समजावे.

आता मूळ प्रश्नाकडे येते. उष्णता आणि प्रकाश यांचे काम वेगळे आहे. सौनात शरीराचे आतील तापमान वाढते, हृदयाचे ठोके मिनिटाला १०० ते १५० पर्यंत जातात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्वचेकडे जाणारा रक्तप्रवाह अनेक पटींनी वाढतो. हा हृदय व रक्ताभिसरणावरचा भार आहे, आणि तो योग्य माणसाला योग्य प्रमाणात दिल्यास हितकारक ठरू शकतो. प्रकाशोपचाराची व्याख्याच अशी आहे की त्याने ऊतींचे तापमान लक्षणीय वाढू नये. एकाचे औषध म्हणजे तापमान आणि दुसऱ्याचे औषध म्हणजे विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशाचे मोजलेले ज्यूल. दोन्ही एकाच खोलीत दिल्याने त्यांचा गुणाकार होतो, असे मानण्यास आधार नाही.

उलट एक अडचण मला स्पष्ट दिसते. आम्ही गुडघ्यावर लेझर देतो तेव्हा त्याचे टोक त्वचेवर किंचित दाबून धरतो. त्यामुळे त्या जागेचे रक्त बाजूला सरते, त्वचा पांढुरकी होते आणि प्रकाश अधिक खोल जातो, कारण रक्तातील हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते. सौनात याच्या अगदी विरुद्ध स्थिती असते. त्वचा रक्ताने भरलेली असते, रुग्ण दिव्यापासून हात-दीड हात दूर बसलेला असतो आणि त्याच्या सांध्यावर नेमके किती ज्यूल पडले हे कोणीच मोजत नाही. गुडघ्यासाठी प्रकाश हवा असेल तर तो गार त्वचेवर, जवळून, मोजून द्यावा आणि उष्णता नंतर द्यावी, असे माझे मत आहे.

माहितीपत्रकातील इतर दाव्यांवर फार वेळ घालवत नाही. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ असते. शरीर शुद्ध करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. सौनानंतर उतरलेले वजन हे पाण्याचे असते आणि दोन पेले पाणी पिताच ते भरून येते.

अंबड एमआयडीसी, विद्युत

मी औद्योगिक तापनयंत्रांच्या क्षेत्रात काम करतो. या कॅबिनमध्ये प्रत्यक्ष काय बसवलेले असते याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण 'इन्फ्रारेड' हा एकच शब्द तीन अगदी भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो आणि ग्राहकाची फसगत बहुधा तेथेच होते.

अवरक्त किरणांचा पट्टा फार मोठा आहे. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि तेथेही पारा चढलेला पाहिला, तेव्हापासून तो आपल्याला ठाऊक आहे. साधारण ७८० ते १,४०० नॅनोमीटरच्या भागाला निअर इन्फ्रारेड म्हणतात आणि ३,००० नॅनोमीटरच्या पुढे फार इन्फ्रारेड सुरू होते. कोणतीही तापलेली वस्तू कोणत्या तरंगलांबीवर सर्वाधिक किरणे टाकते हे केवळ तिच्या तापमानावर अवलंबून असते. बाजारातील बहुसंख्य इन्फ्रारेड कॅबिनमध्ये भिंतींना कार्बनचे तापणारे पत्रे लावलेले असतात. अशा पत्र्याचा पृष्ठभाग समजा ९० अंशांवर असेल तर त्याचा सर्वाधिक भर ८,००० नॅनोमीटरच्या आसपास येतो. फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलेला ७८५ ते ८६० नॅनोमीटरचा प्रकाश त्यातून व्यवहारात शून्य निघतो. अशा पत्र्यांवर निअर इन्फ्रारेडची चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ती सरळ खोटी आहे.

दुसरा प्रकार म्हणजे तांबड्या काचेचे २५० वॅटचे तापदिवे. ही कल्पना जुनी आहे. जॉन हार्वे केलॉग यांनी अमेरिकेत १८९० च्या दशकातच विजेच्या दिव्यांची स्नानपेटी तयार केली होती. या दिव्यांची तार सुमारे अडीच हजार केल्विनपेक्षा अधिक तापत असल्यामुळे तिचा भर १,१०० नॅनोमीटरच्या जवळपास असतो, म्हणजे निअर इन्फ्रारेड त्यातून भरपूर मिळते हे खरे आहे. परंतु त्याच दिव्यातून १,४०० नॅनोमीटरच्या पलीकडील किरणेही मोठ्या प्रमाणात येतात. ती त्वचेच्या वरच्या थरातील पाण्यातच शोषली जातात आणि भाजल्यासारखे जाणवतात. परिणामी, उपचारास पुरेसा निअर इन्फ्रारेड मिळेपर्यंत त्वचाच तक्रार करू लागते.

तिसरा प्रकार एलईडीच्या पाट्यांचा आहे, ज्यात ६६० आणि ८५० नॅनोमीटरचे दाणे बसवलेले असतात. प्रकाशोपचारासाठी हाच सर्वांत सरळ मार्ग आहे, पण एलईडीला उष्णता सोसत नाही. साठ अंशांच्या कॅबिनमध्ये ठेवल्यास तिचा प्रकाश घटतो आणि तिला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमधील कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांमागे जवळजवळ निम्मे होते. घरी घ्यायचे असेल तर पाटी वेगळी घेऊन ती थंड खोलीत वापरणे हे तांत्रिकदृष्ट्याही योग्य ठरते, आणि ते ताईंच्या सल्ल्याशी जुळणारे आहे.

आपण केंद्रात जाल तेव्हा एक साधी तपासणी करून पाहा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश पाहू शकतो, आपल्या टीव्हीच्या रिमोटवर तो रोखून बटण दाबल्यास हे लगेच कळेल. मग कॅबिनमधील ज्या भागाला ते निअर इन्फ्रारेड म्हणतात त्यावर कॅमेरा रोखा. पडद्यावर तो भाग अंधारा दिसला तर तेथून केवळ ऊब येत आहे. उजेड दिसला म्हणून मात्रा पुरेशी आहे असे मात्र सिद्ध होत नाही, त्यासाठी निर्मात्याकडून किती अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट मिळतात, याचा प्रयोगशाळेतील अहवाल मागावा.

घरी कॅबिन बसवण्याबद्दलही सावध करतो. सहा किलोवॅटचा पारंपरिक सौना हीटर एकेरी फेजवर सुमारे २६ अँपिअर ओढतो. इंदिरानगर, सिडको भागातील जुन्या इमारतींतील वायरिंग एवढ्या भारासाठी केलेले नसते. दोन-अडीच किलोवॅटची इन्फ्रारेड कॅबिन चालू शकेल, पण स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी, उत्तम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती रोखणारा ब्रेकर यांशिवाय घामाने भिजलेल्या माणसाला त्यात बसवू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.

वैद्य, पंचवटी

स्वेदन, म्हणजे शेक देऊन घाम आणणे, हा आमच्या आयुर्वेदशास्त्रातील प्राचीन उपचार असल्यामुळे थोडे लिहितो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय संपूर्णपणे याच विषयाचा आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने करावयाचे तेरा आणि अग्नीवाचून होणारे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी जेन्ताक स्वेदाचे वर्णन, म्हणजे गोलाकार घर बांधून मध्यभागी भट्टी ठेवून रुग्णास आत झोपवणे, हे आजच्या सौनाच्या बरेच जवळ जाते. अग्नीवाचून होणाऱ्या प्रकारांत व्यायाम आणि आतप, म्हणजे ऊन, यांचाही समावेश आहे.

मला विशेष मोलाचे वाटते ते तेथील तारतम्य. वृषण, हृदय आणि डोळे यांना शेक द्यायचा तर अगदी सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असे त्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. भट्टीजवळ आणि काच वितळवण्याच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या कारागिरांना अवरक्त किरणांमुळे मोतीबिंदू होतो हे आधुनिक वैद्यकाने नोंदवले आहे. उष्ण सौनामुळे शुक्राणूंची संख्या काही महिने घटते, हेही इटलीतील २०१३ च्या अभ्यासात दिसले आहे. तेव्हा तापदिव्यासमोर बसायचेच असेल तर डोळ्यांवर योग्य चष्मा असावा, केवळ डोळे मिटणे पुरेसे नाही.

आपल्या वडिलांचा त्रास गुडघ्यांपुरता आहे. त्यासाठी सर्वांग तापवण्याची गरज काय, हा प्रश्न मी आधी विचारीन. तेल लावून गुडघ्यापुरता पिंडस्वेद (गरम पुरचुंडीचा शेक) किंवा जानुबस्ती (गुडघ्यावर कणकेचे आळे करून त्यात कोमट तेल धरणे) केल्यास हृदयावर भार न येता ऊब मिळते. आमच्याकडील पेटी स्वेदातही डोके पेटीबाहेर असते, त्यामुळे रुग्ण गार हवेत श्वास घेतो आणि त्याचा चेहरा आम्हाला सतत दिसत राहतो. मधुमेह असलेल्यांसाठी चरकांनी स्वेदन निषिद्ध सांगितले आहे, हेही येथे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.

टाम्पेरेहून परत

वैद्यांनी ऊन म्हटले म्हणून एक पुरवणी जोडतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी सुमारे निम्मी ऊर्जा अवरक्त असते आणि तीत निअर इन्फ्रारेडचा वाटा मोठा असतो. थंडीच्या दिवसांत सकाळच्या कोवळ्या उन्हात गुडघे उघडे ठेवून बसणे आणि मग गोदापार्कवर थोडे चालणे यांतून ऊब, प्रकाश आणि व्यायाम हे तिन्ही मिळतात. त्याची तुलना लेझरच्या मोजलेल्या मात्रेशी करू नये हे मला मान्य आहे, पण लाखांच्या कॅबिनशी अवश्य करावी.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. आज केंद्रात जाऊन कॅबिन पाहिली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने तपासणी केली. भिंतींचे पत्रे पूर्ण अंधारे दिसले. समोरच्या बाजूला चार तांबडे तापदिवे आहेत, ते अर्थातच उजळ दिसले. अंतरानुसार किती मिलिवॅट मिळतात याचा अहवाल मागितला, तो त्यांच्याकडे नव्हता. कॅबिन विकत घेण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे आणि भावालाही ते पटले आहे. गुडघ्यांसाठी लेझर व व्यायाम सुरू करू.

तरीही वडिलांची इच्छा आहे की थंडीत अधूनमधून सौनाचा अनुभव घ्यावा, कारण उबेने त्यांचे अंग मोकळे होते. त्यांच्या डॉक्टरांना विचारणारच आहोत. त्यांच्याशी बोलताना कोणत्या गोष्टी आवर्जून विचाराव्यात, हे ताईंनी कृपया सांगावे. मधुमेहासाठी त्यांना मेटफॉर्मिन चालू आहे.

फिजिओथेरपिस्ट, सिडको

त्यांची इच्छा रास्त आहे आणि ती पूर्ण करता येणार नाही असे मी म्हणणार नाही. जपानमध्ये चुवा तेई यांनी विकसित केलेल्या वाओन उपचारात हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांनाही ६० अंशांच्या कोरड्या सौनात पंधरा मिनिटे बसवतात आणि नंतर अर्धा तास पांघरूण देऊन आडवे झोपवतात. मात्र ते रुग्णालयात, देखरेखीखाली होते. म्हणून तापमान ६० च्या आत, वेळ सुरुवातीला पाच ते आठ मिनिटे, आणि नंतर एकदम उभे न राहता बसून विश्रांती, एवढे ठरवूनच जावे.

डॉक्टरांना पहिल्यांदा रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी विचारा. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्या रुंद करते, उष्णताही तेच करते, आणि लघवीची गोळी शरीरातील पाणी आधीच कमी करत असते. तिन्ही एकाच वेळी आले की उभे राहताच चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे ही सौनाच्या कोणत्याही लाभापेक्षा मोठी गोष्ट आहे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, तिची वेळ बदलायची का हे त्यांना ठरवू द्या. घरी एकदा आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून ठेवा. वरचा आकडा २० ने किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर सौनाचा विषय तेथेच थांबवावा. हृदयाच्या झडपेचा, विशेषतः महाधमनीच्या झडपेच्या आकुंचनाचा आवाज येतो का, हेही त्यांना तपासण्यास सांगा, कारण तो दोष असलेल्यांना सौना धोक्याचा ठरतो.

मेटफॉर्मिनमुळे साखर अचानक उतरण्याची भीती कमी आहे, परंतु शरीरातील पाणी घटल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो आणि त्या स्थितीत हे औषध शरीरात साचू शकते, म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल सोबत न्यावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली आहे का हे त्यांच्याकडून तपासून घ्या. संवेदना कमी असेल तर त्या तापदिव्यांसमोर पाय ठेवू नयेत, कारण कातडी भाजत असल्याचे त्यांना कळणारच नाही. अशा वेळी दिवे बंद ठेवून केवळ पत्र्यांच्या उबेत बसण्याची सोय केंद्राकडे मागता येईल. केंद्रात जाताना घरातील कोणी तरी सोबत असावे आणि आत बसलेले असताना दाराबाहेरच थांबावे.

लेझरचे म्हणाल तर कोणत्याही फिजिओथेरपी केंद्रात यंत्राची तरंगलांबी आणि प्रत्येक बिंदूवर देणार असलेले ज्यूल आधी विचारा, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम पहिल्याच दिवसापासून सुरू करा. गुडघ्याच्या झिजेत व्यायामाचा पुरावा सौना आणि प्रकाश या दोन्हींपेक्षा कितीतरी भक्कम आहे.